पकडायचा, पाहायचा आणि सोडून द्यायचा!

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधील म्हातारा सांतियागो मराठी वाचकांना परका नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने त्याला मराठीत आणले. चौऱ्याऐंशी दिवस हाती काहीही न लागलेला हा क्युबन कोळी अखेर एका अजस्र मार्लिन माशाला गळाला लावतो आणि किनारा गाठेपर्यंत शार्क त्याचा सांगाडा तेवढा शिल्लक ठेवतात. सांतियागोला तो मासा विकायचा होता. किती वजन भरेल, काय भाव येईल याचा हिशेब तो मनातल्या मनात करीत होता. पण ज्या लेखकाने त्याला निर्माण केले, त्याला मात्र मासे विकून चूल पेटवायची नव्हती. हेमिंग्वे त्याच पाण्यात, त्याच माशामागे, स्वतःच्या ‘पिलार’ या मोटरबोटीतून हौसेखातर हिंडत असे.

पोटासाठी गळ टाकणारा आणि हौसेसाठी गळ टाकणारा, असे दोन मासेमार कॅरिबियन परिसरातील बेटांवर गेले शतकभर शेजारी-शेजारी वावरत आहेत. आता त्यात तिसऱ्या एका व्यवसायाची भर पडली आहे. हौशी पाहुण्याला मासा दाखवायचा, पकडू द्यायचा आणि मग तो जिवंत सोडून द्यायला लावायचा, हा तो व्यवसाय. ज्या माशाला बाजारात भाव नाही, जो विकण्यास कायद्यानेच बंदी आहे, त्या माशावर बहामासमधील अनेक छोट्या बेटांचा प्रपंच चालतो. ऐकायला हे विचित्र वाटते. परंतु आकडे तसेच सांगतात.

येथे एक खुलासा करायला हवा. नकाशाच्या काटेकोर हिशेबाने बहामास कॅरिबियन समुद्रात मोडत नाही. सुमारे ७०० बेटांचा हा देश अटलांटिकमध्ये, फ्लोरिडाच्या पूर्वेस व क्युबाच्या उत्तरेस पसरला आहे. मात्र, इतिहास, वंश, व्यापार आणि राजकारण या सर्व नात्यांनी तो कॅरिबियन कुटुंबातलाच. ‘कॅरिकॉम’ या कॅरिबियन देशांच्या संघटनेचा तो १९८३ पासून सदस्य आहे.

या देशातील बिमिनी हे चिमुकले बेट मायामीपासून जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम खाली जातो आणि तेथून ‘गल्फ स्ट्रीम’ हा कोमट, निळा प्रवाह वाहतो. मार्लिन, ट्यूना हे मोठे मासे याच प्रवाहातून ये-जा करतात. हेमिंग्वे १९३५ ते १९३७ या काळात बिमिनीत मुक्काम ठोकून होता, तो त्यांच्याचसाठी. गळाला लागलेला ट्यूना बोटीपर्यंत ओढून आणण्याआधीच शार्क त्याचे लचके तोडीत. त्यावर चिडून हेमिंग्वे शार्कवर मशिनगन चालवीत असे! पुढे १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन स्थापन झाली आणि या खेळाला लेखी नियम मिळाले. मासा गळाला लागल्यानंतर काठीला दुसऱ्या कोणी हात लावला, तर तो विक्रम धरला जाणार नाही, हा त्यांतलाच एक प्रसिद्ध नियम. या संस्थेचा एक आधारस्तंभ मायकेल लर्नर हाही बिमिनीकर पाहुणाच होता आणि हेमिंग्वे तिचा उपाध्यक्ष होता.

त्या काळचा खेळ म्हणजे मासा मारून धक्क्यावर कप्पीला टांगायचा, शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यायचे आणि वजन फळ्यावर लिहायचे. हवानातील हेमिंग्वेच्या नावाची स्पर्धा १९५० मध्ये सुरू झाली. १९६० मध्ये ती खुद्द फिडेल कॅस्ट्रो यांनी जिंकली आणि हेमिंग्वेच्याच हातून करंडक स्वीकारला, ते छायाचित्र आजही हवानात मिरवले जाते. या सर्व मर्दुमकीत एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नव्हती. निळ्या मार्लिनचा नर सहसा दीडशे किलोच्या वर जात नाही. धक्क्यावर टांगलेली चारशे-पाचशे किलोंची धुडे ही सारी मादीच असत, म्हणजे अंडी घालणारी. सर्वांत मोठा मासा मारणाऱ्याला सर्वांत मोठे बक्षीस, या नियमाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. अलीकडे अनेक मोठ्या स्पर्धांत माशाला खूण लावून सोडून दिल्यास गुण मिळतात, ते त्यामुळेच.

खोल समुद्रातील हा खेळ श्रीमंतांचा. मोठी बोट, भरपूर इंधन, चार माणसांचा ताफा. त्यातून बेटावरच्या माणसाच्या वाट्याला खलाशाची मजुरी येते. बेटाच्या दुसऱ्या अंगाला, गुडघाभर पाण्यात जो खेळ चालतो, तो मात्र वेगळा आहे. आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

बहामासच्या बेटांभोवती चुनखडीची विस्तीर्ण पठारे समुद्राखाली पसरली आहेत. कित्येक चौरस किलोमीटर पांढरी वाळू, वर वीतभर ते कमरेएवढे पाणी आणि कडेने खारफुटीची गर्द झाडी. भरतीचे पाणी या पठारांवर चढू लागले की त्याच्यासोबत खोलगट भागातून बोनफिशचे थवे वर येतात. वाळूत दडलेली कोळंबी, छोटे खेकडे, किडे उकरून खाणे हा त्यांचा उद्योग. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा मासा पटाईत आहे. त्याच्या घशात भक्ष्याचे कवच चिरडणाऱ्या कठीण तबकड्या असतात. खवले आरशासारखे असल्यामुळे खालच्या वाळूचा रंग तो अंगावर घेतो आणि डोळ्यांदेखत दिसेनासा होतो. उथळ पाण्यात त्याची सावली दिसते, मासा दिसत नाही. म्हणूनच इंग्रजीत त्याला ‘करडे भूत’ असे टोपणनाव आहे. वजन म्हणाल तर साधारण एक ते चार किलो. काटे मात्र इतके, की नावच ‘हाडांचा मासा’ पडले. आपल्याकडे भिंग किंवा पाल्याचे काटे काढीत जेवणाऱ्यांना त्याचे काही वाटणार नाही आणि बेटांवरील जुनी माणसेही तो भाजून आवडीने खात आली आहेत. पण परदेशी पाहुणा त्याच्याकडे खाण्याची वस्तू म्हणून पाहत नाही.

मग तो हजारो मैलांवरून येतो कशासाठी? त्या माशाच्या धावेसाठी. सपाट तळाची, दीडएक फूट पाण्यावरही तरंगणारी लहान होडी पठारावर आणली की इंजिन बंद केले जाते. मागच्या बाजूला उंच फळीवर वाटाड्या उभा राहतो आणि लांब काठी तळाला टेकवून आवाज न करता होडी पुढे ढकलतो. पाहुणा नाळेवर काठी सज्ज ठेवून उभा. वाटाड्या पाण्यावरून नजर फिरवीत असतो आणि एकदम हलक्या आवाजात म्हणतो, ‘अकरा वाजता, चाळीस फूट, डावीकडे चाललाय!’ होडीची नाळ म्हणजे घड्याळातील बारा, या हिशेबाने ही दिशा सांगितली जाते. पाहुण्याला त्या दिशेला बहुधा काहीच दिसत नाही. तरीही त्याने त्या जागी, माशाच्या तोंडापुढे थोड्या अंतरावर, लव आणि पिसे बांधून कोळंबीसारखा सजवलेला गळ अलगद टाकायचा. थोडा जवळ पडला तर मासा बिथरतो, थोडा दूर पडला तर त्याला पत्ताच लागत नाही. लागला तर मात्र तो पाहता पाहता शंभरेक मीटर दोरी खेचून नेतो. दोन किलोंच्या माशाच्या अंगी एवढे बळ कोठून येते, याचे नवल जुन्या खेळाडूंनाही वाटत राहते.

या साऱ्या नाट्यात कौशल्य कोणाचे? छायाचित्रात मासा धरलेला पाहुणा असतो. परंतु वारा, ऊन, भरतीची वेळ आणि सावली वाचून मासा हुडकून काढणारा वाटाड्या असतो. या वाटाड्यांतली काही नावे त्या जगात दंतकथेसारखी झाली आहेत. अँड्रॉस बेटावर स्वतःचे लॉज काढणाऱ्या चार्ली स्मिथ यांच्या नावावरून ‘क्रेझी चार्ली’ हा गळ जगभर ओळखला जातो. तो बांधला होता त्यांचे कॅलिफोर्नियाचे पाहुणे बॉब नॉहाइम यांनी, १९७७ च्या सुमारास. बिमिनीचे अॅन्सिल सॉन्डर्स होड्याही बांधीत आणि बोनफिशही दाखवीत. १९६४ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग बिमिनीत आले असता सॉन्डर्स यांनी त्यांना होडीतून खारफुटीच्या शांत खाडीत नेले होते. नोबेल पारितोषिकाच्या भाषणावर किंग यांनी तेथे बसून काम केले, असे सॉन्डर्स सांगत आले आहेत. आज त्या झाडीत किंग यांचा अर्धपुतळा उभा आहे.

आता पैशाचे पाहू. बहामासची अर्थव्यवस्था मुख्यतः पर्यटनावर उभी आहे; परंतु पर्यटकांचे लोंढे नासाऊ आणि ग्रँड बहामा येथे प्रवासी जहाजांतून उतरतात आणि तेथूनच परत जातात. अँड्रॉस, अबाको, लाँग आयलंड यांसारख्या दूरच्या बेटांवर ना मोठी हॉटेले, ना कारखाने, ना फारशी शेती. अशा ठिकाणी बोनफिशसाठी येणारा पाहुणा आठवडाभर राहतो, गावातल्या लॉजमध्ये जेवतो आणि वाटाड्याला एका होडीच्या एका दिवसाचे साधारण पाचशे-सहाशे डॉलर देतो. उथळ पाण्यातील या मासेमारीमुळे बहामासच्या अर्थव्यवस्थेत वर्षाला सुमारे १४ कोटी १० लाख डॉलरची उलाढाल होते, असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला होता. संपूर्ण देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे वजन कळते. बोनफिशला जाळे लावणे आणि त्याची खरेदी-विक्री करणे यांवर बहामासमध्ये बंदी आहे, ती या हिशेबातूनच. शेजारच्या बेलिझने तर २००९ मध्ये बोनफिश, टार्पन आणि परमिट हे तिन्ही मासे केवळ पकडून सोडण्यासाठी राखून ठेवले.

तोच मासा मेला की एका जेवणाचा. जिवंत राहिला तर वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहुणा आणणारा. हिशेब तर चोख आहे. पण ‘सोडून दिला’ म्हणजे तो जगला, हे गृहीत धरायचे का?

या प्रश्नाचे उत्तर बहामासच्याच पाण्यात शोधले गेले आहे आणि ते पाहुण्यांना सुखावणारे नाही. गळाशी झुंजून दमलेल्या माशाच्या स्नायूंत आम्ल साठते. सोडल्यावर तो धड सरळ पोहू शकत नाही, एका अंगावर कलंडतो. उथळ पाण्यात लेमन शार्क आणि बराकुडा याच क्षणाची वाट पाहत असतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की जेथे शार्क पुष्कळ होते, तेथे सोडलेल्या माशांपैकी ३९ टक्के मासे बळी पडले, तेही बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. इल्युथेरा बेटावर २००७ मधील अभ्यासात हे प्रमाण १७ टक्के निघाले. सोडताना तोल गेलेला मासा शिकार होण्याची शक्यता तोल सांभाळणाऱ्याच्या तुलनेत सहा पटींहून अधिक असल्याचेही त्यात आढळले. आणि तोल कशाने जातो? मासा जास्त वेळ हवेत धरल्याने. म्हणजे छायाचित्रासाठी!

म्हणून जाणते वाटाडे आता काही पथ्ये पाळायला लावतात. गळाला उलटा काटा नको, म्हणजे तो चटकन सुटतो. हात ओले करूनच माशाला स्पर्श करायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो. मासा शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही. आसपास शार्क दिसला, तर ती जागाच सोडायची. शार्कना मारून हा प्रश्न सोडवण्याचा हेमिंग्वेचा मार्ग बहामासने केव्हाच बंद केला आहे. २०११ पासून तेथे शार्कच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आहे. पाणबुड्या पर्यटकांना जिवंत शार्क पाहायला आवडतो, हे त्यामागचे एक कारण. तेथेही हिशेब जिवंत प्राण्याचाच.

अर्थात, आपल्याकडील वाचकाच्या मनात एक साधा प्रश्न येईलच. खायचे नसेल, तर मुक्या जिवाला गळ लावायचाच कशाला? हा प्रश्न भाबडा नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडण्यास कायद्याने मनाई आहे. खेळ म्हणायचे, तर त्यात दोन्ही बाजूंची संमती हवी आणि माशाला कोणी विचारलेले नसते. दुसरीकडे अनुभव असाही आहे, की पकडून सोडणारे निघून गेले म्हणजे मासा सुरक्षित होतोच असे नाही. कर्नाटकात कावेरीच्या काठी महसीर माशासाठी अशीच शिबिरे चालत. अभयारण्यातील ही मासेमारी थांबवण्यात आली, तेव्हा पूर्वी चोरटी मासेमारी करणारे आणि मग वाटाडे बनलेले लोक बेकार झाले. नदीवर पहारा ठेवण्यात ज्यांचे पोट गुंतले होते, तेच उरले नाहीत, अशी तक्रार तेव्हा झाली होती. प्रस्तुत प्रतिनिधीला या खेळाची ओढ नाही. परंतु बहामासपुरते बोलायचे, तर या माशाचा कैवार घेणारा सर्वांत मोठा गट हा त्याला गळ लावणाऱ्यांचाच आहे, हे मान्य करावे लागते.

पैसा आला की वाटणीचा वाद आलाच. तो बहामासमध्ये २०१५ साली उफाळून आला. सरकारने उथळ पाण्यातील मासेमारीसाठी नियमांचा मसुदा पुढे केला आणि दोन तट पडले. आमच्या पाण्यात येऊन, स्वतःची होडी आणून, आमच्यापैकी कोणालाही एक पैसा न देता परदेशी लोक मासे धरून जातात, असे स्थानिक वाटाड्यांच्या संघटनेचे म्हणणे. वाटाडा घेतल्याशिवाय मासेमारी नाही अशी सक्ती झाली, तर कमी खर्चात स्वतःच्या पायांनी हिंडणारा पाहुणा क्युबा किंवा मेक्सिकोकडे वळेल, असा काही लॉजमालकांचा आणि पाहुण्यांचा प्रतिवाद. बरीच भवति न भवति होऊन जानेवारी २०१७ मध्ये नियम लागू झाले. परदेशी पाहुण्याला परवाना सक्तीचा झाला, त्याचे शुल्क एका दिवसाला १५ डॉलर इतके माफक ठेवले गेले. किनाऱ्यावरून चालत जाऊन एकट्याने गळ टाकण्यास मुभा राहिली. परदेशी माणसाने होडीतून जायचे, तर वाटाड्या घेण्याची अट आली. म्हणजे दोघांनाही थोडे मिळाले आणि दोघांचीही कुरकुर राहिली. या वादात स्थानिकांची बाजू मला अधिक रास्त वाटते. ज्या गावाने आपले जाळे गुंडाळून ठेवले, त्याला त्या त्यागाचा मोबदला मिळाला नाही, तर जाळे पुन्हा बाहेर निघायला वेळ लागणार नाही.

मात्र जाळे आणि गळ यांपलीकडचा धोका मोठा आहे, तो जागेचा. बोनफिश अंडी कोठे घालतो, हे कित्येक वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास, एरवी उथळ पठारांवर विखुरलेले हजारो मासे किनाऱ्याजवळच्या ठरावीक जागी गोळा होतात, पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि अंधार पडला की खोल समुद्राकडे निघून जातात, हे हळूहळू उमगत गेले. २०१९ मध्ये अबाको बेटाजवळ अशा थव्यातील खूण लावलेल्या माशांचा रात्रभर माग काढण्यात आला. गुडघाभर पाण्यात जगणारा हा मासा त्या रात्री सुमारे १३७ मीटर खोल उतरला होता. अंड्यांतून बाहेर पडणारी, काचेसारखी पारदर्शक पिले दीड-दोन महिने प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि मग कोठल्या तरी उथळ किनाऱ्याला लागतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की गोळा होण्याची ती एखादी जागा धक्का बांधण्यासाठी उकरली गेली किंवा तेथे जाळे पडले, तर मैलोन्मैल परिसरातील बोनफिशची एक अख्खी पिढी जाऊ शकते. कोणता मासा कोठून कोठे जातो, हे कळले तेही वाटाड्यांमुळे. वर्षानुवर्षे त्यांनी माशांना खुणा लावून सोडले आणि पुन्हा सापडलेल्यांची नोंद ठेवली. त्या नोंदींच्या आधारे २०१५ मध्ये अबाको आणि ग्रँड बहामा या बेटांवर नवी राष्ट्रीय उद्याने जाहीर झाली. अबाकोच्या दक्षिणेकडील क्रॉस हार्बर हे त्यांपैकी एक, बोनफिश गोळा होण्याचे ठिकाण म्हणूनच राखलेले.

उद्यानाच्या सीमा वादळाला कळत नाहीत. १ सप्टेंबर २०१९ रोजी ‘डोरियन’ हे चक्रीवादळ ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाने अबाकोवर आदळले आणि नंतर ग्रँड बहामावर दिवसाहून अधिक काळ ठाण मांडून बसले. अधिकृत आकड्यानुसार ७४ माणसे गेली, आणखी शेकडो बेपत्ता झाली, गावेच्या गावे पुसली गेली. लॉज आणि होड्या तर गेल्याच. पण त्यांच्यासोबत पठारांच्या कडेची खारफुटीही विस्तीर्ण पट्ट्यांत उभीच्या उभी मेली. पाने झडलेली, करडी खोडे तेवढी पाण्यात राहिली. खारफुटीच्या मुळांत वाढणारी कोळंबी आणि खेकडे हेच बोनफिशचे अन्न. झाडी गेली की माती सुटते, पाणी गढूळ होते आणि जे पाणी नितळ असण्यावर हा सारा खेळ उभा आहे, तेच राहत नाही.

खारफुटी काही ठिकाणी आपोआप परत येते. परंतु आसपास बी टाकणारे एकही झाड उरले नसेल, तर ती येत नाही. त्यामुळे संशोधक संस्था, बहामास नॅशनल ट्रस्ट आणि स्थानिक लोक यांनी मिळून एक लाख रोपे लावण्याचा संकल्प सोडला. तांबड्या खारफुटीची शेंगेसारखी लांबट रोपे रोपवाटिकेत वाढवायची, होडीत भरायची, ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून एकेक करून रोवायची. या कामासाठी पठारांचा कानाकोपरा माहीत असलेली माणसे लागतात, म्हणून होड्या घेऊन वाटाडेच पुढे आले. पाहुण्यासाठी मासा हुडकत ज्या फळीवर ते उभे राहत, त्याच फळीवर उभे राहून ते आता रोपे लावायला जागा शोधत होते.